लागला लाल

तिला सगळे रफूवाली म्हणत. खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते विजेच्या बिलावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर असायचं. त्या नावाने कोणी हाक मारत नसे.

कपड्यांना रफू करायचे ते तिचे वडील. शिंप्यांच्या गल्लीत एका जिन्याखाली पाट टाकून ते चाळीस वर्षं बसले आणि लोकांच्या कोटांची, शालींची भोकं अशी बुजवत राहिले की घ्यायला आलेलं गिऱ्हाईकच विचारायचं, अहो, फाटलं होतं कुठे? लेकीने मात्र सुई कधी हातात धरली नाही. ती फाटलेले आवाज शिवायची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तिची एक खोली होती. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, एक खिडकी कायमची बंद, दुसरीला जाड पडदा, टेबलावर कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. खालचा सायकलवाला दुरुस्त झालेली प्रत्येक घंटी दहा वेळा वाजवून बघायचा आणि दहाव्या वेळी वरून हाक यायची, "बारीक!"

आता आवाज फाटतो म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी लग्नकार्यात स्पीकर लागलाय त्यांना सांगायला नको. पण रफूवाली ते डोळ्यांनी बघायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. बारीक आवाजाचे डोंगर बुटके, मोठ्याचे उंच. पण प्रत्येक मशीनला एक छत असतं. गाणारा त्या छताच्या वर गेला की मशीन काय करतं, तर सरळ शेंडा कापून टाकतं. डोंगराचं पठार होतं, आणि ऐकताना नेमकं तिथे खर्र होतं. कापलेला शेंडा कुठे खाली पडलेला नसतो की जा आणि उचलून आण. तो गेला तो गेला.

त्यावर सॉफ्टवेअर आहेत, झकास आहेत. ती दोन्हीकडचे उतार बघून अंदाज बांधतात, इथे शेंडा एवढा असेल, असा असेल, आणि बसवून देतात. घाईचं काम असेल तर रफूवालीही तेच करायची. हल्ली तिच्याकडे येणारी निम्मी गाणी तर नवीकोरी असत. शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं मोठं वाजलं पाहिजे या हट्टापायी आपल्याच हाताने ठेचलेली. लोकांना काय झालंय कोण जाणे, भिंत हलल्याशिवाय गाणं ऐकल्यासारखं वाटत नाही. अशांना ती तोंडावर सांगायची, माझ्याकडे येण्याआधी बटण खाली करा, तुमचेही कष्ट वाचतील आणि माझेही.

पण मनावर घेतलेलं काम ती वडिलांच्या रीतीने करायची. वडिलांच्या दोन रीती होत्या. पहिली, धागा बाहेरून आणायचा नाही. फाटलेल्या कोटाचाच काठ आतून उलगडायचा, तिथला धागा ओढून घ्यायचा आणि त्यानेच भोक विणायचं. रफूवालीही गाण्यात तेच करायची. जिथे सूर फाटलाय तोच सूर त्याच गाणाऱ्याने दुसरीकडे कुठेतरी हळू लावलेला असतो. तो शोधायचा, तिथला शेंडा उचलायचा आणि इथे बसवायचा. एका मिनिटाच्या गाण्याला चार-चार दिवस लागत. वडिलांची दुसरी रीत अशी की फाटलं कसं, ते विचारायचं नाही आणि कळलं तरी बोलायचं नाही. भोक आपलं, गोष्ट गिऱ्हाइकाची.

ही दुसरी रीत तिने आयुष्यात एकदाच मोडली, आणि तीसुद्धा धड तिच्या हातून नाही.

त्याचं असं झालं. एका मंगळवारी अकराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली आणि मध्येच थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग दारात एक उंच, किंचित पाठीत वाकलेले गृहस्थ उभे. हातात बुटांचा खोका. पहिलं वाक्य काय, तर खालच्या मीटरचं चक्र जरा जोरात फिरतंय, एकदा दाखवून घ्या. चौतीस वर्षं ते लोकांच्या जिन्यांखाली मान वर करून विजेचे मीटर वाचत होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी मीटर दिसला की आकडे वाचल्याशिवाय त्यांचा पाय पुढे निघायचा नाही. रफूवालीने तिथल्या तिथे त्यांचं नाव मीटरकाका ठेवून टाकलं.

खोक्यात अकरा कॅसेट होत्या. मीटरकाका सांगू लागले आणि सांगताना सगळा वेळ खोक्याचं झाकण उघडत-मिटत राहिले. बायको गायची. शिकलेली बिकलेली नाही, पण आवाज असा की गल्लीतले लोक चालता चालता थांबत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी हौसेने रेकॉर्डर आणला आणि अधूनमधून संध्याकाळी तिला समोर बसवून गाणी भरून घेतली. अशी सहा वर्षं. मग त्यातलीच सगळ्यात चांगली कॅसेट रेडिओला पाठवली. उत्तर आलं ते छापील होतं, आपले ध्वनिमुद्रण ऐकले, खालील कारणामुळे निवड होऊ शकली नाही. पुढे कारणाची रिकामी ओळ आणि त्या ओळीवर कोणा साहेबाने निळ्या शाईने लिहिलेले दोन शब्द. आवाज फाटतो.

बायकोने ते पत्र वाचलं, घडी घातली, ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि त्या दिवसापासून गाणं सोडलं. भांडी घासतानासुद्धा गुणगुणली नाही. याला आता एकतीस वर्षं झाली.

मीटरकाकांनी तिला गळ घातली नाही असं नाही, पण जपूनच. कारण कॅसेट लावली की त्यांनाही तेच ऐकू यायचं. फाटायचा खरा. साहेबाने खोटं लिहिलं नव्हतं. समोर बसून ऐकताना कधी जाणवलं नव्हतं, पण ते मायेचे कान, मशीन कशाला खोटं बोलेल? मग उगाच गा गा म्हणून तिच्या जखमेवर कशाला बोट ठेवायचं? आणि आता तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. तीन आठवड्यांनी ऑपरेशन. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून जाते, आवाज राहील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ही बाई त्यांना म्हणाली, खुशाल घेऊन जा, फाटकाच आहे.

"ती असं म्हणाली ना, तिथून मला झोप नाही," मीटरकाका म्हणाले. "फाटायच्या आधीची एखादी तरी कॅसेट यात असेलच. तेवढी शोधा, ताई. तिला एकदा तिचा आवाज ऐकवायचाय. की होता."

रफूवालीने खोका ठेवून घेतला. मनात म्हणाली, अकरा कॅसेट ऐकायच्या, एक निवडायची, दोन दिवसांचं काम.

पहिली कॅसेट लावली तेव्हा दुपार झाली होती. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी टेबलावर आली होती. हेडफोनमध्ये आधी खुर्ची सरकली, चमचा कपात किणकिणला, लांब कुठेतरी नळ ठिबकत होता. मग माइकच्या अगदी जवळ मीटरकाकांचा तरुणपणचा आवाज. "थांब. अजून थोडं. हां, लागला लाल. म्हण आता."

आणि मग गाणं सुरू झालं, आणि पहिल्याच ओळीत फाटलं.

दुसऱ्या कॅसेटमध्येही तेच. खुर्ची, नळ, थांब, अजून थोडं, लागला लाल, म्हण आता. तिसऱ्यात तेच. संध्याकाळपर्यंत तिने अकराही कॅसेटची सुरुवात ऐकली आणि मग हेडफोन काढून नुसती पडद्याकडे बघत बसली. सहा वर्षांची गाणी तिथे एकाखाली एक मांडलेली होती आणि सगळ्यांचे शेंडे एकाच उंचीवर छाटलेले होते. आता गळा माणसाचा आहे. तो आज बसतो, उद्या सुटतो, सहा वर्षं दरवेळी मोजून एकाच रेषेवर फाटत नाही. तिने आणखी नीट बघितलं. मध्येच दाराची बेल वाजते, तिचा शेंडा त्याच रेषेवर कापलेला. कप आपटतो, तोही. एवढंच कशाला, मीटरकाका एकदा खोकतात, तो खोकलासुद्धा फाटलेला.

गळा धडधाकट होता. फाटत होतं ते मशीन.

आणि मग तो लाल कोण, ते तिच्या डोक्यात उजेड पडल्यासारखं आलं. त्या जातीचे रेकॉर्डर तिने पाहिले होते. पुढे एक गोल बटण आणि दोन बारके दिवे. हिरवा लागला की आवाज ठीक जातोय. लाल लागला की जास्त झाला, बटण मागे घ्या. पण मीटरकाकांचं सगळं आयुष्य विजेच्या खात्यात गेलेलं. त्यांच्या जगात फळीवरचा लाल दिवा लागला म्हणजे वीज पोचली, काम फत्ते. मग ते काय करणार? लाल पक्का लागेपर्यंत दरवेळी इमानाने बटण पिळत राहिले, आणि लागल्याशिवाय बायकोला तोंड उघडू दिलं नाही. ज्या माणसाने गावाचे मीटर वाचले, त्याला घरातला तो एवढासा दिवा वाचता आला नाही.

रफूवालीला आधी हसू आलं. ती एकटीच खोलीत मोठ्याने हसली. आणि हसता हसता तिचं तिलाच कळेना, डोळ्यांतून पाणी कसलं येतंय. तो साहेब कॅसेटबद्दल लिहीत होता. आणखी एक शब्द लिहिला असता, कॅसेटचा आवाज फाटतो, एवढंच, तर त्याच्या पेनातली शाई संपणार होती का? पण त्याने लिहिलं, आवाज फाटतो. आपल्या बोलीत गळाही फाटतो आणि स्पीकरही फाटतो, दोघांना शब्द एकच. बाईने तो शब्द उचलला आणि आपल्या गळ्यात अडकवून घेतला.

आता करायचं काय? सांगावं, तर या भल्या माणसाला कळणार की बायकोचं गाणं आपण घालवलं, आपल्या हाताने, बटण पिळून. न सांगावं, तर ती बाई ऑपरेशनच्या टेबलावर फाटका गळा घेऊन जाणार. रफूवाली दोन दिवस त्याच विचारात होती. शेवटी तिने वडिलांचं ऐकायचं ठरवलं. सगळ्या गाण्यांपुढचं ते थांब, लागला लाल, म्हण आता कापून वेगळं काढून ठेवलं. गाणं दुरुस्त करू, मशीन जुनं होतं म्हणू, झालं. भोक आपलं, गोष्ट त्यांची.

मग ती कामाला लागली.

ते दिवस तिला पुढेही नीट आठवत नसत. आठवायचं ते सगळं दुपारच्या अर्धवट झोपेतल्यासारखं. तिने अकरा कॅसेटच्या शेवटी असलेलं एकच गाणं निवडलं होतं, कारण काकू ते प्रत्येक वेळी म्हणायच्या. त्यामुळे धागा भरपूर होता. या कॅसेटमधल्या ओळीचा शेंडा तुटलेला असला तर त्या कॅसेटमध्ये काकू तिथे जरा दमलेल्या असत, सूर हळू लागलेला असे, शेंडा शाबूत असे. तो उचलायचा, इथे बसवायचा, सांधा घासून घ्यायचा. उन्हाची पट्टी टेबलावरून जमिनीवर जायची, जमिनीवरून भिंतीवर चढायची. हळूहळू तिला ते घर पाठ झालं. नळ डाव्या हाताला, दार समोर, खिडकीखालून कोणी दरवेळी त्याच सुमाराला चप्पल फरफटत जातंय. कधी तिचा डोळा लागायचा आणि जाग आली की क्षणभर उमगायचं नाही, ठिबकणारा नळ या घरातला की त्या. ती उठून आपला नळ बंद आहे ना बघून यायची. तो बंदच असायचा.

दहा दिवसांत गाणं उभं राहिलं. असं उभं राहिलं की तिने स्वतःच तीनदा ऐकलं. भरलेला, मऊ, जरासा खट्याळ आवाज. फक्त एक जागा राहिली.

गाण्याची शेवटची ओळ चढत चढत एका वरच्या सुरावर जाऊन थांबायची. आणि तिथे पोचल्यावर बाई हातचं राखून काही ठेवतच नसे. अकराच्या अकरा कॅसेटमध्ये तो सूर भरल्या गळ्याने लावलेला आणि अकराही ठिकाणी छाटलेला. हळू लावलेला एकदाही नाही. रफूवालीने सॉफ्टवेअरला अंदाज बांधायला लावलं. त्याने बांधला. गोड, गुळगुळीत, कोणाचाही चालला असता असा. तिने तो काढून टाकला. पुन्हा बसवला, पुन्हा काढला. या कापडात धागाच उरला नव्हता.

आणि मग भाजी निवडता निवडता तिने कपाळावर हात मारून घेतला. कापड अजून आहे की. चार गल्ल्या पलीकडे आहे, आणि शुक्रवारी दवाखान्यात दाखल होणार आहे. तिने मीटरकाकांना फोन करून सांगितलं, उद्या सकाळी काकूंना घेऊन या.

काकूंना मीटरकाकांनी काय सांगून आणलं होतं देव जाणे. ठेंगण्या, कोऱ्या चेहऱ्याच्या, हातात कापडी पिशवी. दारातूनच खोलीवर नजर फिरवून म्हणाल्या, इथे कानाचा डॉक्टर कुठेय? मीटरकाका खाली बघायला लागले. रफूवालीने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि जास्त काही न बोलता गाणं लावलं. बारीक आवाजात, त्या वरच्या सुराच्या अलीकडेपर्यंत.

काकू ऐकत राहिल्या. पिशवी मांडीवर तशीच धरलेली. गाणं थांबलं. खाली सायकलची घंटी वाजली आणि त्या दिवशी तिला कोणी बारीक म्हटलं नाही.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच."

"माझा फाटलेला होता."

"गळा नव्हता फाटला, काकू. रेकॉर्डिंग फाटलं होतं. त्या साहेबांनी लिहिलं ते रेकॉर्डिंगबद्दल."

काकूंनी हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. फाटला नव्हता, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. आणि मग कोणतीही शहाणी बाई जो प्रश्न विचारेल तो त्यांनी विचारला, मग रेकॉर्डिंग तरी का फाटलं?

रफूवालीने ठरवलेलं वाक्य म्हटलं. मशीन जुनं होतं, असं होतं कधी कधी. पण मीटरकाका प्रामाणिक माणूस. बायकोपुढे आपल्या रेकॉर्डरला कोणी जुनं म्हणतंय, हे त्यांना सहन होईना. जुनं कुठलं, ते म्हणाले, कोरं करकरीत होतं, मी स्वतः खोक्यातून काढलं. आणि हयगय तर काडीची केली नाही. लाल दिवा पक्का लागेपर्यंत बटण फिरवायचो, लागल्याशिवाय हिला सुरूच करू द्यायचो नाही, विचारा हिला. एवढं बोलून त्यांनी रफूवालीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बघून थांबले. रफूवालीला चेहरा आवरता आला नव्हता.

"लाल म्हणजे..." ते म्हणाले.

"लाल म्हणजे जास्त झालं, काका."

मीटरकाका मागच्या स्टुलावर बसले. त्यांनी तोंडावर हात ठेवला. आकडे वाचणारा माणूस, त्यांना आकडाच आठवला असणार. हाताच्या आडून ते म्हणाले, एकतीस वर्षं.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या पडद्यावरच्या डोंगरांकडे बघत होत्या. त्यांना राग आला होता, खरा राग, एकतीस वर्षांच्या सगळ्या मुक्या सकाळ-संध्याकाळींचा. या माणसाच्या डोक्यात पिशवी घालावी असं त्यांना वाटत होतं. आणि त्या रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, इतकं मोठं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. फाटला नव्हता. तेव्हाही नाही, नंतरही नाही, आजही नाही. धडका गळा घेऊन त्या एकतीस वर्षं गप्प बसल्या होत्या, पण धडका होता.

"घरी चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मग बघते तुमच्याकडे." पण हे म्हणताना त्यांचे डोळे भरून वाहायला लागले, तेव्हा त्या वाक्यात काही दम राहिला नाही.

मग रफूवालीने आपली अडचण सांगितली. एक सूर राहिलाय, त्याला धागा नाही, तो तुमच्याकडेच आहे. काकू नको म्हणाल्या. गंज चढलाय म्हणाल्या, गाठ आहे म्हणाल्या, या वयात शोभतं का म्हणाल्या. रफूवाली माइक लावत होती तो मुकाट्याने लावत राहिली, कारण काकूंनी नको म्हणता म्हणता पिशवी खाली ठेवली होती आणि पदर नीट केला होता.

पहिल्या वेळी नुसती हवा आली. दुसऱ्या वेळी सूर निम्म्यात चिरकला आणि काकू खोकत सुटल्या. मीटरकाका पाणी द्यायला उठले, तर काकूंनी त्यांना हाताने खाली बसवलं.

"तुम्ही हात खिशात घाला," त्या म्हणाल्या. "कशालाही लावू नका."

मीटरकाकांनी दोन्ही हात खिशात घातले आणि डोळेही मिटून घेतले, न जाणो डोळ्यांनीच काही बिघडायचं. काकूंनी एक हात गळ्यावरच्या गाठीवर ठेवला. गाठीला जरा थांब म्हणावं तसा. आणि हळू, अगदी हळू, एकतीस वर्षांत कोणी न ऐकलेला तो सूर लावला. जुना, थोडा खरखरीत, कडेने विरलेला. पण सरळ. पडद्यावर छोटे छोटे डोंगर उमटत गेले, छताच्या कितीतरी खाली, एकेकाचा शेंडा गोल आणि शाबूत. माइकच्या मशीनवरचा हिरवा दिवा लागला होता. लाल एकदाही लागला नाही.

मीटरकाकांना हे काहीच दिसत नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"लागला," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, ती गेली. आवाजही गेला. सहा महिन्यांत परत येईल, कदाचित नाही येणार, असं डॉक्टर म्हणाले. रफूवाली महिन्याभराने गाणं घेऊन त्यांच्या घरी गेली. त्या घरात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती, पण आत आल्या आल्या तिला माहीत होतं की डाव्या हाताला नळ आहे आणि तो ठिबकतोय. तिने न विचारता जाऊन तो घट्ट केला. काकू गळ्याला पांढरी पट्टी लावून खुर्चीत बसल्या होत्या. त्या तिच्याकडे बघून हसल्या, तू इथे कधी राहिली होतीस गं, अशा चेहऱ्याने.

तिने गाणं लावलं. तो सूर तिने आठ दिवस विणला होता. चार सेकंदांच्या जागेत आजच्या काकूंचे फक्त दीड सेकंदाचे शेंडे लागले होते, बाकी सगळा तरुण आवाज, आणि सांधा इतका घासून बारीक केला होता की तिला स्वतःला तो पडद्यावरचे सेकंद बघितल्याशिवाय सापडत नसे. वडील असते तर त्यांनी चष्मा वर सरकवून नुसती मान हलवली असती. गाणं चढत गेलं, वरच्या सुरावर पोचलं, आणि मीटरकाकांनी बोट वर केलं.

"इथे," ते म्हणाले. "इथे ती आत्ताची आहे."

त्यांचं बोट नेमक्या जागी वर झालं होतं आणि दीड सेकंदाने नेमकं खाली आलं होतं. रफूवालीने विचारलं, कसं ओळखलंत, काका? मीटरकाकांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. गाण्यातलं मला काय कळतं, ते म्हणाले, पण याच आवाजाने तिने एकतीस वर्षं मला हाका मारल्यात.

मग ते चहा टाकायला आत गेले. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायची काकूंनी खूण केली. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, स्टोव्ह फुरफुरत होता, खिडकीखालून कोणी चप्पल फरफटत चाललं होतं. काकूंचे ओठ हलले. रफूवाली त्यांच्याशेजारी हातभर अंतरावर बसली होती, आणि कान तर तिच्या पोटापाण्याचे, तरी तिला काही ऐकू आलं नाही. तिने पुढे वाकून विचारलं, काय म्हणालात?

तेवढ्यात आतून मीटरकाकांचा आवाज आला.

"हो, हो. कमीच घालतोय साखर."